बघूयाचा खण

दचकू नका. खिडकीखालच्या फळीवरून आवाज येतोय तो माझाच. मी खणांची पेटी. खरं सांगायचं तर बोलायच्या आधी मीच दचकले आहे. आजवर माणसं माझ्यात ठेवत आली, माझ्यातून काढत आली, पण ‘तुझं काय म्हणणं आहे गं?’ असं कुणी विचारलं नाही. पेटीचं काय म्हणणं असणार? त्यातून मी बिनझाकणाची. झाकण असतं तर निदान आपटून राग तरी दाखवता आला असता.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. हे सुतारबाबा दारं-खिडक्या करण्यात पटाईत. कानावर पेन्सिलीचा तुकडा आणि गळ्यात काळ्या दोरीला लटकणारा चष्मा. चष्मा हरवायला नको म्हणून ती दोरी त्यांच्या मुलीनं बांधली होती. मुलगी कॉलेज शिकून नुकतीच बाहेर पडली होती. सुताराच्या पोटी जन्मून खिळा ठोकल्याच्या आवाजाला दचकणारी ही एकटीच असेल. भांडं पडलं की हिच्या छातीत धस्स, कुणी मागून हाक मारली की हातातलं खाली. अशा मुलीला नोकरी लागली तीही लहान मुलांच्या शाळेत, जिथं दिवसभर काही ना काही पडतच असतं.

“बाबा, मला एक पेटी करून द्या,” ती म्हणाली. “दोन खणांची. एकात पाळीव प्राणी, एकात जंगली.”

“मधली पडदी ठोकू की सरकती ठेवू?”

“ठोकाच. नाहीतर मुलं उपसून एकमेकांच्या डोक्यात घालतील.”

“अगं, आज दोन खणांत भागेल. उद्या म्हणशील, बाबा, तीन हवेत. मग मी खिळे उपटत बसू?”

“नाही म्हणणार.”

“तू? आणि एकदा बोललेलं बदलणार नाहीस?” सुतारबाबा चष्म्यावरून तिच्याकडे बघून हसले आणि पटाशीनं माझ्या अंगात खाचा पाडू लागले.

एका खिडकीच्या चौकटीतून उरलेलं लाकूड ते माझं अंग. एक पडदी खाचेत बसवली आणि तसलीच दुसरी, ‘लागली तर असू दे’ म्हणून, सुतळीनं माझ्या पाठीला बांधून दिली. मग प्राणी झाले. इथं मात्र सुतारबाबांचं चुकलं, आणि ते त्यांनी मरेपर्यंत कबूल केलं नाही. दारं-खिडक्यांची सवय, त्यांनी एक लांब फळकूट घेतलं, त्याचे सारखे तुकडे केले आणि एकेका तुकड्यातून एकेक प्राणी कोरला.

“बाबा! हत्ती आणि कोंबडी एकाच उंचीचे झालेत की!”

“एकाच फळकुटातले आहेत, उंची एकच येणार.”

“पण मुलांना काय सांगू?”

“सांग, हत्ती लांब उभा आहे आणि कोंबडी जवळ.”

असा माझा संसार. त्यात मुंगी बैलाच्या खांद्याला खांदा लावून उभी असते आणि वाघाला चिमणीच्या डोळ्याला डोळा द्यावा लागतो.

शाळेत ती मुलांची ताई झाली. सकाळी मुलं गोल करून बसायची, मधे मी. एकेका मुलानं एकेक प्राणी उचलायचा, नाव सांगायचं आणि योग्य खणात ठेवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे वकील म्हणायचे. त्यानं पहिल्याच दिवशी पाल उचलली आणि पाळीव प्राण्यांत नेऊन ठेवली.

“अरे, पाल आपण पाळतो का?” ताईनं विचारलं.

“आपण नाही, तीच आपल्याला पाळते. आजी म्हणते, पाल आहे म्हणून घरात डास नाहीत.”

लगेच दुसऱ्या एकीनं मांजर उचलून वाघाशेजारी ठेवलं. “आमचं मांजर जंगलीच आहे. काकू रोज म्हणते.”

ताई घाबरून दाराकडे बघायची. दाराबाहेरून मोठ्या बाई जायच्या. शाळा त्यांची, शब्द त्यांचा. त्यांच्या चपलांचा आवाज आला की ताई भराभर पाल इकडची तिकडे करायची आणि मांजर तिकडचं इकडे.

एवढ्या वर्षांत माणसांची एक खोड माझ्या ध्यानात आली आहे. कुठलीही गोष्ट कुठल्या खणातली हे ठरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आठवडाभरात त्या वर्गातल्या मुलांचेही खण पडले. हा हुशार, ती रडकी, तो मस्तीखोर, ही मंद. माझी पडदी निदान सरकते. त्यांच्या तोंडच्या पडद्या खिळे ठोकून पक्क्या असतात.

‘मंद’च्या खणात जिला टाकलं ती गोटी. चेहरा गोल, बाकाखालून घरंगळत कुठंही पोचायची, म्हणून गोटी. बोलणं अगदी मोजकं. तिची आई रस्त्याच्या टोकाला जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होती. पिंजरे धुवायचे, डॉक्टर सुई देताना जनावर धरायचं, असं तिचं काम. शाळा सुटली की गोटी तिथं एका स्टुलावर बसून आईचं काम संपायची वाट बघायची.

गोटीची पाळी आली की वर्ग गप्प व्हायचा. ती गाय आणि कावळा एका खणात ठेवायची. कुत्रा, ससा आणि मासा दुसऱ्यात. वाघ, हत्ती, मुंगी यांना खणात घ्यायचीच नाही, बाहेर फरशीवर उभं करायची. दुसऱ्या दिवशी कुत्रा गायीकडे जायचा आणि बकरी सशाकडे.

“गोटी, वाघ बाहेर का ठेवलास?”

गोटी वर बघायची आणि पुन्हा खाली.

“बाळा, गाय घरात असते की जंगलात?”

“घरात.”

“मग तिच्याजवळ कावळा कसा?”

गोटी कावळा गायीच्या आणखी जवळ सरकवायची. ताई प्राणी उचलून ठरल्या खणात ठेवायची. ताईची पाठ फिरली की गोटी ते परत आपल्या जागी आणायची, एकेक, आवाज न करता. ती नुसती टाकत नव्हती, एवढं मला कळत होतं. टाकलेला प्राणी खणाच्या तळाशी टक्कन वाजतो. गोटी ठेवायची ते निजलेल्या मुलाला ठेवतात तसं.

एके दिवशी मोठ्या बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. वर्ग सुटल्यावर म्हणाल्या, “ही डोळे उघडे ठेवून लावते की मिटून? वर्षभर शिकवून पाळीव-जंगली कळत नसेल तर वरच्या वर्गात काय करेल? वर्षाखेर मी सगळ्यांचं बघणार आहे. असंच राहिलं तर ती अजून एक वर्ष इथंच बसेल. तिच्या आईच्या कानावर घालून ठेव.”

ताईच्या हातातला घोडा खाली पडला.

दुसऱ्या दिवशी गोटीची आई आली. हाताला औषधाचा वास, बाह्या अजून ओल्या. लहान खुर्चीवर अवघडून बसली. गोटी तिला टेकून उभी. ताईनं सगळं सांगितलं, पण इतके आढेवेढे घेत की ऐकणाऱ्याला वाटावं, चूक ताईचीच आहे.

“एक वर्ष मागं?” गोटीची आई म्हणाली. “ताई, तिच्याहून लहान पोरं पुढं जातील. ती बोलत नाही, पण तिला कळतं हो. घरी पातेल्यांना झाकणं बरोबर लावते.”

“मी कुठं म्हणते कळत नाही! मलाच कळत नाहीये ती काय करते ते. हे बघा, आज सकाळी तिनं असे लावलेत. मी हात लावलेला नाही.”

गोटीची आई माझ्यावर वाकली. डाव्या खणात गाय, ससा, पोपट. उजव्या खणात कुत्रा, कावळा, बकरी. बाकीचे फरशीवर. ती बघत राहिली, आणि मग माझ्या काठावरचा तिचा हात घट्ट झाला.

“गोटी,” ती हळूच म्हणाली, “हा कुत्रा म्हणजे कालचा? तो तांबडा?”

गोटीनं मान हलवली.

“अगं, तो घरी गेला ना? मी तुला सांगितलं ना, त्याचे मालक येऊन घेऊन गेले म्हणून?”

“त्याचा पट्टा खुंटीवर आहे, आई.”

बाहेर मुलं झोपाळ्यावरून भांडत होती.

गोटीच्या आईनं ताईला सांगायला सुरुवात केली, पण बघत होती माझ्याकडेच. दवाखान्यात जनावर आलं की त्याचा पट्टा, घंटा, दोरी जे काय असेल ते काढून आतल्या खुंटीवर टांगतात. बरं झालं की पट्टा घालून पुढच्या दारानं घरी. नाही झालं, तर मागच्या दारानं. मग पट्टा राहतो. मालक कधी येऊन नेतात, पुष्कळदा नेतच नाहीत.

“मी रोज सांगायची हिला, सगळे घरी गेले. एवढीशी पोर, हिला कशाला सांगायचं? मला वाटलं, स्टुलावर पाय हलवत बसते, हिचं कुठं लक्ष असतं…” तिनं ओल्या बाहीनं तोंड पुसलं. “आणि ही माझ्या तोंडाकडे न बघता खुंट्यांकडे बघत बसली होती.”

“म्हणजे हे घरी गेलेले?” ताईनं डाव्या खणावर बोट ठेवलं.

“हो,” गोटी म्हणाली.

“आणि हे मागच्या दारानं?”

“हो.”

“आणि वाघ? हत्ती?”

“ते आजारी कुठं आहेत?” गोटीला ताईच्या अडाणीपणाचं नवल वाटलं असावं.

मी लाकडाची आहे. माझ्यात पाणी मुरतं, वाळवी लागली तर लागते, पण काही तुटल्यासारखं वाटतं ते त्या दिवशी कळलं. इतके महिने माझ्या अंगाखांद्यावर एवढं सगळं चाललं होतं आणि मला वाटत होतं, खेळ चालू आहे.

रात्र ताईनं कशी काढली ठाऊक नाही. सकाळी आली तेव्हा डोळे सुजलेले होते. मुलं गोल करून बसली. ताई म्हणाली, “आज गोटी आपल्याला तिचे खण सांगणार आहे.” गोटीनं सांगितलं. चारच वाक्यं, पण इतकं बोलताना मुलांनी तिला कधी ऐकलं नव्हतं.

वकील उठला. “मागच्या दारातून हत्ती कसा जाईल? अडकेल की.”

“आपला हत्ती कोंबडीएवढाच आहे,” गोटी म्हणाली. “जाईल.”

“बरं, मागच्या दाराच्या पुढं काय आहे?”

सगळे ताईकडे बघू लागले. ताईनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “मला माहीत नाही रे,” ती म्हणाली. मोठ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मुलांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. कुणी हसलं नाही. वकीलसुद्धा समाधान झाल्यासारखा खाली बसला.

मग गोटीनं घोडा उचलला आणि तो हातातच धरून बसली.

“ह्याला ठेव ना,” ताई म्हणाली.

“ह्याला जागा नाही. ह्याचा पाय मोडलाय. डॉक्टरकाका म्हणाले, बघूया.”

“म्हणजे?”

“रोज बघूया म्हणतात. घरी पण नाही आणि मागं पण नाही. बघूया.”

ताईनं मला उलटं केलं. पाठीला बांधलेली दुसरी पडदी सोडली आणि खाचेत सरकवू लागली. पडदी अर्ध्यावर जाऊन अडकली. दमट हवेत माझं अंग फुगलं होतं. तिनं ढकलली, ओढली, बोटात कुसळ गेलं, पण पडदी ना आत ना बाहेर.

दुपारी सुतारबाबा रंधा घेऊन आले. मुलांच्या खुर्चीत मावेनात, म्हणून फरशीवरच मांडी घातली.

“काय गं, तीन खण लागले ना शेवटी?”

“बाबा, आता नका ना बोलू.”

“नाही बोलत. नुसतं विचारलं.” पडदी काढून ते कडेनं हलकेच रंधा मारू लागले. भुसा उडाला. गोटी घरंगळत त्यांच्या पुढ्यात येऊन बसली आणि त्यांच्या गळ्यातल्या काळ्या दोरीकडे एकटक बघू लागली.

“आजोबा, हा तुमचा पट्टा?”

ताई गोटीला मागं ओढायला पुढं झाली. सुतारबाबा मात्र मनापासून हसले. “हो तर! माझ्या मुलीनं बांधलाय. हरवू नये म्हणून.”

“मग काढू नका,” गोटी म्हणाली.

“नाही काढत हो.” पडदी सर्रकन खाचेत बसली. तेव्हापासून मी तीन खणांची. घोडा मधल्या खणात उभा राहिला.

वर्षाखेरीला मोठ्या बाई खुर्ची घेऊन बसल्या. वर्गाबाहेर आया उभ्या, त्यांत ओल्या बाह्यांची एक. गोटीची पाळी आली तशी ताईनं खिडकीचा गज घट्ट धरला. एक अख्खं वर्ष त्या पोरीचं त्या खुर्चीवरून ठरणार होतं.

“हं, लाव बघू प्राणी.”

गोटीनं विचारलं, “कुठलं लावू? शाळेचं की माझं?”

“म्हणजे? शाळेचं येतं तुला?”

“हो.”

तिनं लावलं. गाय, कुत्रा, बकरी इकडे. वाघ, हत्ती, कोल्हा तिकडे. कुठं अडली नाही. पाल हातात घेऊन क्षणभर थांबली, वकिलाकडे बघितलं आणि ती मधल्या खणात ठेवून दिली.

मोठ्या बाईंनी ताईकडे बघितलं. “येत होतं तर वर्षभर का नाही लावलं?”

ताईनं खिडकीचा गज सोडला. “कारण आम्ही तिला फक्त ‘हे चुकलं’ म्हणत होतो, बाई. ‘हे काय आहे’ असं विचारलंच नाही. मी सुद्धा नाही.”

“आता विचारते,” मोठ्या बाई गोटीला म्हणाल्या. “तुझं लाव.”

गोटीनं तिचं लावलं आणि सांगितलं. मोठ्या बाईंनी वाकून मधल्या खणातला घोडा बघितला. मग म्हणाल्या, “घोडा बरा झाला का?”

“झाला. कालच गेला. पुढच्या दारानं.”

“मग त्याला अजून मधे का ठेवलायस?”

गोटीनं जीभ चावली आणि घोडा उचलून घरी गेलेल्यांत ठेवला.

“पुढच्या वर्गात,” मोठ्या बाई म्हणाल्या. “चला, पुढचा कोण?”

त्याला आता काही वर्षं झाली. मुलं बदलली. माझा रंग उडाला, एक कोपरा झिजला, हत्तीचा कान कुणीतरी चावून खाल्ला. मधला खण राहिला. नवी मुलं त्यात वटवाघूळ ठेवतात, बेडूक ठेवतात, एकदा एकानं दुखणारा दात पडल्यावर तो ठेवला होता. ताई नको म्हणत नाही.

यंदा त्या खणात तिनं स्वतःहून एक वस्तू ठेवली. पेन्सिलीचा तुकडा, चपटा, सुतारकामाचा. सकाळी मुलं यायच्या आत ती तो बघायची आणि तिथंच असू द्यायची. सुतारबाबा अंथरुणाला खिळले आहेत हे मला त्यावरून कळलं. मग एके दिवशी ताई आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुलांनी विचारलं, तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, “ताई गावाला गेल्यात.” मोठ्या बाई वाईट नाहीत. पण सवय.

आज सकाळी ताई परतली. माझ्या वरच्या खुंटीवर तिनं काहीतरी अडकवलं आणि मुलांकडे वळली. मधल्या सुट्टीत वरच्या वर्गातली गोटी पाणी प्यायला आली. आता चांगली उंच झाली आहे, घरंगळत नाही. दारातच थांबली. खुंटीवर काळी दोरी होती आणि दोरीला चष्मा.

“ताई, हा आजोबांचा?”

“हो.”

“खुंटीवर राहिला?”

मुलं डबे खायची थांबली. ताईच्या ओठांवर ‘गावाला’ हा शब्द येऊन उभा होता, मला दिसत होता. तिनं तो गिळला.

“हो गं,” ती म्हणाली. “राहिला.” आणि मुलांसमोर, ओढणीत तोंड न लपवता, रडली.

गोटी माझ्याजवळ आली. मधल्या खणातला पेन्सिलीचा तुकडा तिनं उचलला, ताईकडे बघितलं. ताईनं मान हलवली. गोटीनं तो शेवटच्या, मागच्या दाराच्या खणात ठेवला, कावळा आणि कुत्रा दोन्ही बाजूंना उभे करून. टक्कन आवाज होऊ दिला नाही.

तेवढ्यात वाऱ्यानं दार धाडकन आपटलं. माझ्यातले सगळे प्राणी थरथरले, मीही थरथरले. ताई दचकली नाही. ती गोटीच्या केसांवर हात ठेवून तशीच उभी होती.

मी काही फार दिवसांची सोबती नाही. तळाला भेग गेली आहे आणि ती सांधणारे हात आता नाहीत. मागणं एकच. माझ्यानंतर जी कुठली पेटी आणाल तिच्या पडद्या ठोकू नका. आणि एखादं पोर कावळा गायीजवळ ठेवू लागलं, तर उचलून दुसरीकडे ठेवायच्या आधी त्याच्याशेजारी जमिनीवर बसा आणि विचारा, हे काय आहे? उत्तर ऐकून दचकलात तरी चालेल. मीही दचकले होते.